लढाईला मुकलेल्या रायफली

गेल्या अंकात मी अमेरिकेच्या गारंड रायफलीवर लिहिलं होतं. त्यात ओघात एक वाक्य होतं, की एका नावाजलेल्या रायफलीमागे कित्येक अशा असतात ज्या चाचणीच्या मैदानावरूनच परत गेल्या. गारंड राहिली बाजूला, त्या एका वाक्यावरच ढीगभर पत्रं आली. सगळी घेणं शक्य नाही. ज्यांवर बोलण्यासारखं आहे तेवढी घेतो. आधीच सांगून ठेवतो, मी सैनिक नाही. नोकरीची सगळी वर्षं टूलरूममध्ये गेली, जिग, फिक्स्चर आणि डाय बनवण्यात. रायफल किती लांब मारते यापेक्षा कारखान्यातून दिवसाला किती निघतील, हा प्रश्न मला आधी पडतो. उत्तरं त्याच नजरेतून येणार.

प्रश्न : पहिल्या महायुद्धात अमेरिकेने साध्या बोल्टच्या रायफलीला काही सेकंदांत स्वयंचलित करणारं यंत्र बनवलं होतं, असं वाचनात आलं. खरं की बाता? (एक निवृत्त शिक्षक)

खरं. फक्त स्वयंचलित नव्हे, अर्धस्वयंचलित. म्हणजे दर गोळीला चाप ओढावा लागेच, पण मध्ये बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा दांडा, हाताने मागेपुढे करण्याची कटकट संपे. जॉन पेडरसन या शस्त्ररचनाकाराची ही करामत. १९१७ मध्ये त्याने ती लष्करी अधिकाऱ्यांना दाखवली आणि पाहणारे चाट पडले.

शिपायाच्या हातात नेहमीची स्प्रिंगफील्ड १९०३, पाच गोळ्यांची. बोल्ट ओढून बाहेर काढायचा आणि कमरेच्या कॅनव्हासच्या पिशवीत टाकायचा. त्याच जागी पेडरसनचा ठोकळा सरकवायचा. ठोकळ्याचं पुढचं टोक हुबेहूब रायफलीच्या काडतुसाच्या आकाराचं, त्यामुळे ते काडतुसाच्या जागेत चपखल बसे. आतून मात्र ते पोकळ, म्हणजे छोटी नळीच. वर उजवीकडे तिरपं उभं राहणारं ४० गोळ्यांचं मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी. काडतुसं पिस्तुलासारखी आखूड, पण गोळीचा व्यास रायफलीच्याच गोळीइतका, त्यामुळे मूळ नळी तशीच चाले. रिकामी पुंगळी डावीकडून बाहेर पडायची, म्हणून रायफलीच्या डाव्या भिंतीला एक लांबट खाच पाडावी लागली. मोठा म्हणावा असा बदल तेवढाच. जुना बोल्ट परत घातला की रायफल पुन्हा पहिल्यासारखी, पुऱ्या ताकदीचं काडतूस मारणारी.

मला यातलं कौतुक वाटतं ते खाचेचं. लाखो रायफली आधीच हातात आहेत, त्यांची उत्पादनाची ओळ सुरळीत चालू आहे. ती न मोडता एक सुटा भाग वेगळ्या कारखान्यात काढायचा आणि जुन्या मालाला फक्त एक खाच मारायची. असा विचार रचनाकाराला सहसा सुचत नाही, आणि सुचला तरी त्याच्या मानी स्वभावाला रुचत नाही.

गुप्तता इतकी, की सरकारी कागदांवर या वस्तूला '१९१८ नमुन्याचं स्वयंचलित पिस्तूल' म्हटलं गेलं. बेत होता १९१९ च्या वसंतातल्या मोठ्या हल्ल्याचा : अमेरिकी पायदळ खंदकातून उठेल आणि चालता चालता गोळ्यांचा सडा घालत पुढे जाईल. पण ११ नोव्हेंबर १९१८ ला शस्त्रसंधी झाला. तोवर आणि त्यानंतर मिळून सुमारे ६५,००० ठोकळे तयार झाले. लढाईत एकही झाडला गेला नाही.

युद्धाची घाई ओसरल्यावर लष्कराने शांतपणे विचार केला, तेव्हा उणिवा दिसू लागल्या. गोळी हलकी आणि मंद. ४०० गोळ्यांसकट सगळा सरंजाम सहा किलोंच्या वर, आणि तोही नेहमीच्या ओझ्यावर. शिवाय पिशवीतला बोल्ट. अंधारात, चिखलात, थंडीने बधिर झालेल्या बोटांनी बोल्ट काढून पिशवीत टाकायचा आणि तो पिशवीतच पडला याची खात्री करायची, हे मैदानात टाळ्या वाजवणाऱ्या अधिकाऱ्यांना करायचं नव्हतं. तो बोल्ट हरवला तर शिपायाच्या हातात उरतं एक लांबलचक पिस्तूल. १९३१ मध्ये साठा नष्ट करण्याचा हुकूम निघाला आणि जवळजवळ सगळे ठोकळे मोडून जाळून टाकले. जे थोडे वाचले ते आज संग्रहालयांत आणि संग्राहकांकडे.

प्रश्न : चांगली रायफल असूनही ती डावलली गेली, यामागे बहुतेक वेळा वशिलेबाजीच असते ना? (एक वाचक)

वशिला असतोच कुठे कुठे. पण वशिल्याने खराब रायफल सैन्यात घुसल्याची उदाहरणंही तितकीच ठसठशीत आहेत, आणि त्यातलंच एक घेतलं तर तुमच्या प्रश्नाला दोन्हीकडून उत्तर मिळेल.

कॅनडाची रॉस रायफल. नेमबाजीच्या स्पर्धांत अव्वल. तिचा बोल्ट फिरवावा लागत नसे. मूठ सरळ मागे ओढली की आतल्या मळसूत्री खाचांमुळे बोल्टचं डोकं आपोआप फिरून कुलूप सुटे. कॅनडाचे संरक्षणमंत्री सॅम ह्यूज या रायफलीच्या इतके प्रेमात, की तिच्याविरुद्ध शब्द ऐकून घेत नसत. १९१५ मध्ये बेल्जियमातल्या ईपरच्या लढाईत चिखल आणि सलग गोळीबार यांपुढे तिने मान टाकली. शिपाई बोल्टवर लाथा मारून तो उघडत, आणि मेलेल्या ब्रिटिश सैनिकांजवळच्या ली-एनफिल्ड रायफली उचलून घेत. १९१६ मध्ये ती आघाडीवरून मागे घेतली गेली. आता कॅनडाकडे हजारो निरुपयोगी रायफली पडून, आणि लुईस या हलक्या मशीनगनचा मात्र तुटवडा.

इथे क्वेबेकचा एक कारागीर येतो, जोसेफ ह्युओ. त्याने ओळखलं, की सरळ मागे-पुढे होणारा बोल्ट स्वयंचलित करायला फिरवायच्या बोल्टपेक्षा कितीतरी सोपा. त्याने रॉसच्या नळीच्या डाव्या बाजूला एक सिलिंडर बसवला. गोळी सुटताना नळीतला थोडा वायू त्यात शिरून दट्ट्याला मागे ढकले आणि दट्ट्या बोल्टला ओढून नेई. खाली २५ गोळ्यांचं गोल मॅगझिन. झाली हलकी मशीनगन. वजन सहा किलोंच्या आसपास, म्हणजे लुईसच्या निम्म्याने.

आणि आता माझ्या आवडीचे आकडे. ३३ भाग रॉसचे जसेच्या तसे. ११ भाग रॉसचेच, थोडी कानस लावून. नवे भाग फक्त ५६. खर्चाचा अंदाज नगामागे ५० डॉलर, लुईसला १,००० डॉलर पडत होते तेव्हा. टूलरूममध्ये कुणी माझ्यासमोर असा कागद ठेवला असता तर मी जेवणाची सुट्टी सोडली असती.

१९१८ मध्ये इंग्लंडमध्ये तिच्या चाचण्या झाल्या, ती टिकली. कॅनडाच्या सैन्याचे सेनापती आर्थर करी यांनी तिची मागणीही केली. पण ऑक्टोबर १९१८ मध्ये केलेली मागणी कारखान्यापर्यंत पोहोचेतो युद्धच संपलं. इथे वशिल्याने रॉसला आत घेतलं, आणि ह्युओला बाहेर ठेवलं ते कॅलेंडरने. माणसांना खलनायक हवा असतो, म्हणून दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते.

प्रश्न : हिटलरच्या शेवटच्या दिवसांत बनलेली रायफल पुढे जगभर वापरली गेली, हे कसं? पराभूत देशाचं शस्त्र कोण घेईल? (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी)

शस्त्र कुणी घेतलं नाही, आराखडा डोक्यात घेऊन माणसं गेली. पण तू अभियांत्रिकीची आहेस, तर आधी यंत्र समजून घे, इतिहास सोपा आहे.

माउझर कंपनीच्या ओबर्नडॉर्फ इथल्या विकास विभागात 'यंत्र ०६' नावाने एका रायफलीवर काम चालू होतं. पुढे तिला श्टुर्मगेव्हेर ४५ हे नाव चिकटलं. जर्मनीकडे त्या वेळी श्टुर्मगेव्हेर ४४ होती आणि ती चांगलीच होती, पण आणखी स्वस्त काहीतरी हवं होतं. चव्वेचाळीसला सुमारे ७० मार्क पडत, नव्या रायफलीचा अंदाज ४५ मार्कांचा.

स्वस्ताई आली कुठून? त्या काळच्या बहुतेक स्वयंचलित रायफलींत नळीला भोक पाडून वायू काढायचा, दट्ट्या हलवायचा, त्याने बोल्टचं कुलूप उघडायचं. इथे भोकही नाही आणि दट्ट्याही नाही. बोल्ट दोन तुकड्यांचा : पुढे डोकं, मागे जड वाहक. डोक्याच्या दोन्ही बाजूंना एकेक छोटा रूळ. बोल्ट बंद होताना वाहकाचं पाचरीसारखं नाक डोक्यात घुसतं आणि दोन्ही रुळांना बाहेर, नळीच्या मागच्या खाचांत ढकलतं. गोळी सुटली की पुंगळी डोक्याला मागे रेटते. खाचांच्या भिंती तिरप्या असल्याने रुळांना आत सरकणं भाग पडतं, आणि आत येताना ते पाचरीला मागे उडवतात. ओला साबण मुठीत दाबला की निसटतो, तसं. गंमत अशी, की डोकं थोडं मागे येतं तेवढ्या वेळात जड वाहक कितीतरी जास्त मागे जातो. म्हणजे डोक्याला पळायचं असेल तर आधी त्या जड वाहकाला वेग द्यावा लागतो, आणि तेवढ्यात गोळी नळीबाहेर पडलेली असते. दाब उतरतो, मग डोकं मोकळं होतं.

मूळ आराखड्यात दट्ट्या होता. डॉ. कार्ल मायर यांच्या गणितातून दिसलं, की तिरप्या भिंतींचा कोन नीट बेतला तर दट्ट्याची गरजच उरत नाही. एक सुटा भाग कमी झाला की त्यासाठीचं मशीन, कामगार, मोजमापाचे गेज, सुट्या भागांची पेटी, सगळं कमी होतं. पण फुकट काही मिळत नाही. पुंगळी मागे सरकू लागते तेव्हा दाब अजून बराच असतो, ती भिंतींना चिकटते आणि फाटते. म्हणून काडतुसाच्या जागेत उभ्या बारीक खाचा कोराव्या लागल्या, त्यांतून वायू पुंगळीभोवती शिरून तिला सुटी करतो.

ओबर्नडॉर्फ फ्रेंचांच्या हाती पडलं एप्रिल १९४५ मध्ये. तोवर ३० रायफलींपुरते भाग बनले होते. आघाडीवर एकही गेली नाही. लुडविग फोरग्रिमलर हा रचनाकार आधी फ्रेंचांसाठी म्युलूझला काम करत होता, मग स्पेनमध्ये गेला. तिथे सेतमे रायफल उभी राहिली. तिच्यावरून पश्चिम जर्मनीने जी-३ घेतली, १९५९ मध्ये. जी-३ बनवणारी हेक्लर अँड कॉख ही कंपनी ओबर्नडॉर्फमध्येच, माउझरच्या जुन्या माणसांनी १९४९ मध्ये काढलेली. म्हणजे रूळ फ्रान्स आणि स्पेन फिरून घरी परतले. त्या कंपनीच्या एमपी-५ या सबमशीनगनमध्येही (पिस्तुलाची गोळी मारणारी छोटी स्वयंचलित बंदूक) तेच रूळ आहेत. ती कुठे उघडलेली पाहायला मिळाली तर बोल्टचं डोकं बघ, वर लिहिलेलं सगळं एका दृष्टीत कळेल.

प्रश्न : जर्मनांनी कोपऱ्यावरून मारायला वाकड्या नळीची रायफल बनवली होती का? (शाळकरी वाचक)

बनवली होती, चेष्टा नाही. पूर्ण रायफल नव्हे, चव्वेचाळीसच्या नळीला पुढे जोडायचा वाकडा तुकडा : क्रुमलाउफ. रणगाड्याला अगदी चिकटलेल्या शत्रूला आतून मारता यावं हाही एक उद्देश. त्याच्यासोबत आरशांची दुर्बीण. ३० अंशांच्या तुकड्याचं आयुष्य सुमारे ३०० गोळ्या, ४५ अंशांच्या तुकड्याचं १६०. वळणावर गोळी अनेकदा फुटे आणि छर्र्यांसारखी बाहेर पडे. ३० अंशांचे थोडे तुकडे निघाले, बाकीचे प्रयोगातच राहिले. अशा वस्तू पाहिल्या की कळतं, हरायला आलेल्या देशात 'हे कशाला?' असं विचारणारा माणूस बैठकीत उरत नाही.

प्रश्न : रशियाकडे कलाश्निकोव्ह नसता तर? त्या स्पर्धेत दुसरं कुणी नव्हतं का? (एक वाचक)

होतं, आणि माझ्या मते पुढे होतं. अलेक्सेई सुदायेव.

लेनिनग्राडला वेढा पडलेला असताना त्याच शहरात सुदायेवची पीपीएस ही सबमशीनगन बनू लागली. तेव्हा सैन्यात चालणाऱ्या पीपीशा या सबमशीनगनला १३.९ किलो पोलाद आणि मशीनवर ७.३ तास लागत. पीपीएसला ६.२ किलो आणि २.७ तास. प्रेसवर दाबलेला पत्रा, थोडं वेल्डिंग, की झालं. उपाशी शहरात, मोजक्या मशीनवर हे काढणारा माणूस साधा नव्हे.

१९४३ मध्ये रशियाने रायफल आणि पिस्तूल यांच्या मधल्या ताकदीचं आखूड काडतूस घेतलं. त्यासाठी सुदायेवने एएस-४४ बनवली. १९४४ च्या चाचण्यांत ती इतरांच्या पुढे होती, १९४५ मध्ये थोड्या रायफली सैन्याच्या तुकड्यांना वापरून पाहायला दिल्या. तक्रार एकच आली : जड. पाच किलोंहून जास्त. हलकी करा, असा निरोप आला आणि काम सुरूही झालं. पण सुदायेव आजारी पडला आणि ऑगस्ट १९४६ मध्ये गेला. वय ३३. त्याच्या पाठीमागे ते काम तसंच राहिलं, आणि नव्या स्पर्धेत उतरलेल्यांपैकी एक होता मिखाईल कलाश्निकोव्ह. त्याची रायफल १९४९ मध्ये सैन्यात दाखल झाली.

कलाश्निकोव्हलाही नशीब आयतं मिळालं नव्हतं. १९४२ ची त्याची सबमशीनगन नाकारली गेली. पीपीशा आणि पीपीएसपेक्षा ती महाग आणि किचकट होती. १९४४ ची कार्बाइन सिमोनोव्हच्या कार्बाइनपुढे हरली. दोन्ही नापास रचना या सदरात शोभल्या असत्या.

प्रश्न : जपानने गारंडची नक्कल केली होती का?

केली. योकोसुकाच्या नौदल शस्त्रागारात, युद्धाच्या अखेरीस. गारंडची क्लिप, म्हणजे आठ गोळ्या एकत्र धरणारी पत्र्याची चिमटी, मात्र त्यांनी सोडली आणि स्वतःच्या ७.७ मिमी काडतुसांच्या पाच-पाचच्या दोन पट्ट्या वरून भरता येतील असं दहा गोळ्यांचं मॅगझिन बसवलं. नक्कल करताना नेमका हाच भाग बदलला, आणि गोळ्या अडकण्याची तक्रारही नेमकी तिथलीच. २५० रायफलींचे भाग बनले, त्यांतल्या साधारण निम्म्या जोडून झाल्या, आणि जपान शरण गेला. दुसऱ्याचं यंत्र समोर ठेवून मापं घेता येतात. पोलाद कोणतं आणि त्याला पाणी कसं दिलंय, हे व्हर्नियर सांगत नाही.

प्रश्न : ब्रिटनची ईएम-२ सैन्यात स्वीकारूनही रद्द झाली म्हणतात. मॅगझिन चापाच्या मागे असलेली ती पहिलीच रायफल का? (एक माजी सैनिक)

पहिलं बरोबर, दुसरं नाही.

ईएम-२ ही मूळचा पोलिश असलेल्या स्टीफन जॅन्सनची रचना. यंत्रणा कुंद्यातच, म्हणजे खांद्याला टेकवायच्या भागातच, ठेवल्यामुळे नळी पूर्ण लांबीची राहूनही रायफल आखूड. काडतूस ७ मिमीचं, मध्यम ताकदीचं. वर, धरायच्या मुठीतच बसवलेली साधी दुर्बीण, त्या काळात सामान्य शिपायाला कुणी दुर्बीण देत नसे. कोरियात युद्ध चालू असताना, एप्रिल १९५१ मध्ये संरक्षणमंत्री शिनवेल यांनी ती स्वीकारल्याचं जाहीर केलं. अमेरिकेला मात्र आपल्या जुन्या काडतुसाइतकंच जोरदार काडतूस सगळ्या मित्रराष्ट्रांत हवं होतं. ऑक्टोबरमध्ये चर्चिल पुन्हा पंतप्रधान झाले आणि मित्रांत एकच काडतूस असणं त्यांनी जास्त महत्त्वाचं मानलं. ईएम-२ गेली, ब्रिटनने एफएएल या बेल्जियन रायफलीवर आधारलेली एसएलआर घेतली.

तुम्ही सैन्यात होतात, तुम्हाला दारूगोळ्याच्या पुरवठ्याचं मी काय सांगणार? शेजारच्या मित्राच्या पेटीतली गोळी आपल्या रायफलीत बसत नसेल तर मैत्री कागदावरच राहते. म्हणून चर्चिलना मी दोष देत नाही. दोष अमेरिकेच्या हट्टाला देतो, कारण साठच्या दशकात त्यांनीच त्या जोरदार काडतुसावरून ५.५६ मिमीच्या हलक्या गोळीवर उडी मारली, ब्रिटिशांच्या ७ मिमीपेक्षाही खाली.

आता पहिलेपणाचं. थॉर्नीक्रॉफ्ट कार्बाइन, १९०१, दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध चालू असतानाची. साधीच बोल्टची, पण बोल्ट कुंद्यात, थेट नेमबाजाच्या गालाजवळ. ली-एनफिल्डपेक्षा १९ सेंटिमीटर आखूड आणि दहाएक टक्के हलकी. चाचणीत धक्का फार बसे, हाताळायलाही अवघड, म्हणून परत पाठवली. ब्रिटिश सैन्यात या रचनेची रायफल शेवटी आली ती १९८५ मध्ये.

जाता जाता एक खुलासा. एका वाचकाने पेडरसनच्या ठोकळ्याचं मापांसकट रेखाचित्र मागितलंय, 'घरच्या लेथवर करून पाहायला'. ते या सदरात मिळणार नाही, आणि खासगी पत्राने तर मुळीच नाही.